रविवारचे रोडगे

लग्नाला पंचवीस वर्षं उलटून गेल्यावर मी आणि माझा नवरा चोरून फिरायला जायला लागलो. वयात असताना हे केलं नव्हतं. तेव्हा वेळ नव्हता आणि चोरावं असं कोणी आमच्यावर लक्षही ठेवून नव्हतं.

आम्ही तशी फार लांब जाणारी माणसं नाही. यवतमाळला लोहाऱ्याच्या बाजूला आमचं घर. नवऱ्याचं मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. विहिरीवरची, बोअरची, पिठाच्या गिरणीची, कुठलीही जळलेली मोटार आली की तो ती उघडतो आणि तांब्याची तार नव्याने भरतो. मी औषधांच्या एका ठोक दुकानात माल आणि बिलं बघते. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि आमच्या घरात रविवार एकदम लांबलचक झाला. अशाच एका रविवारी नवरा म्हणाला, "चाल, मुंगवडे खाऊन येऊ." मुंगवडे आमच्या चौकातच मिळतात. पण गाडी चौकात थांबलीच नाही. ती पांढरकवड्याच्या रस्त्याला लागली आणि सागाच्या जंगलातून जात जात आम्ही केळापूरला पोचलो. मुंगवडे तिथे खाल्ले. घरी आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि धुतलेले कपडे बादलीत तसेच होते. त्याचं मला काहीच वाटलं नाही, याचं नवल वाटलं.

मग तो नेमच झाला. पावसाळ्यात नाल्याकाठी बसून गरम भजी आणि तळलेली मिरची. दिवाळीच्या आगेमागे रस्त्याकडेला टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांकडून जंगलातली सीताफळं. थंडीत मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा. माघात कुणाच्या तरी शेतात हुळा, म्हणजे हरभऱ्याची हिरवी झाडंच काडीकचऱ्यावर भाजायची आणि घाटे सोलून खायचे. बोटं काळी, ओठ काळे, आणि एकमेकांकडे बघून हसायचं. पळस फुलायला लागला की ज्याला पहिला दिसेल त्याने चहा मागायचा आणि दुसऱ्याने पाजायचा. नवरा मोटारसायकल चालवताना गाणं म्हणतो. वाईट म्हणतो. घरी म्हणत नाही, म्हणून मी ऐकून घेते.

नंतर बाई आल्या. बाई म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण. तो तिला बाई म्हणतो, म्हणून मीही. मारेगावला दिलेल्या होत्या. मूलबाळ नाही. त्यांचे यजमान गेले आणि त्या दिराच्या घरातल्या एका खोलीत राहिल्या. खोली होती, जेवणही होतं, पण दिवसभर त्यांच्याशी कोणी बोलत नव्हतं. नवरा दोनदा भेटून आला आणि दोन्ही वेळा गप्प गप्प राहिला. शेवटी मीच म्हटलं, "घेऊन या." हे मी चांगुलपणाने म्हटलं की त्याचं गप्प राहणं सहन होईना म्हणून, ते सांगता येणार नाही. बाई एक पेटी आणि एक लोखंडी कढई घेऊन आल्या.

आठवडाभरात स्वयंपाकघर त्यांचं झालं. मी विरोध केला नाही. कामावरून यावं तर वरण उतरवलेलं, भाकरी टोपलीत झाकलेली. मी म्हणायची, "बाई, राहू द्या, मी करते." त्या म्हणायच्या, "तू दिवसभर गोळ्या मोजून राह्यलीस, आता भाकरी कायले मोजतं?" मी पुन्हा म्हणत नव्हते.

अडचण रविवारची होती. वर्ष व्हायचं होतं त्यांचं माणूस जाऊन, आणि आम्ही त्यांच्या डोळ्यांदेखत जोडीने गाडीवर बसून भजी खायला जायचं, हे मला जमेना. न जाणंही जमेना. मग चोरी सुरू झाली. नवरा एक मोटार बघून येतो म्हणून निघायचा. थोड्या वेळाने मी बाजाराला जाते म्हणून पिशवी घेऊन निघायची. पाण्याच्या टाकीजवळ तो थांबलेला असायचा. पिशवीत माझं हेल्मेट असायचं.

एकदा बाई दारात उभ्या राहून माझ्या पिशवीकडे बघत म्हणाल्या, "बाजारात जाताना भरून अन् येताना रिकामी. उलटीच पिशवी वं तुही."

मी काहीतरी पुटपुटले. त्या दिवशी येताना मुद्दाम सीताफळं आणली. रस्त्यात एक विकणारी बसली होती, स्वस्त दिली, असं सांगितलं. बाईंनी माझ्या ओढणीचं टोक हातात घेऊन हुंगलं.

"बाजारात इस्तो लागला होता काय? धुराचा वास येऊन राह्यला."

मग सीताफळं एकेक दाबून पाहिली, पिकलेली वेगळी केली, कच्ची तांदळाच्या डब्यात ठेवली. दर रविवारी मी त्यांच्यासाठी काहीतरी आणायची, आणि पुढच्या रविवारपर्यंत ते संपलेलं असायचं. बाई खातात, म्हणजे त्यांना आवडतं, म्हणजे आमचं फार वाईट चाललेलं नाही, असा मी अर्थ काढला होता.

मग समोरच्या काकू एकदा फाटकाशी भेटल्या आणि सहज म्हणाल्या, "बाई आल्या, बरं झालं तुमचं. घर राखाले हक्काचं मानूस भेटलं."

काकूंच्या मनात काही नव्हतं, हे मला आता माहीत आहे. तेव्हा ते वाक्य माझ्या अंगाला चिकटलं. जेवायला बसले तर ताटात बाईंच्या हातची भाकरी. मी नवऱ्याला म्हटलं, "आपण बाईंना घरी ठेवून जातो, हे बरोबर नाही."

तो म्हणाला, "मी कवाचा म्हन्तो." तो कधीच म्हणाला नव्हता. पण मनात असणार.

त्याने मित्राची जुनी व्हॅन रविवारपुरती मागून घेतली. बाईंना सांगितलं तेव्हा त्या अंबाडीची भाजी निवडत होत्या.

"मी कायले? तुमी जा नं दोघं."

"नाई. तूबी चाल."

"माह्यं काय काम तिथं?"

"काम कायचं? हवा खा, बस, जेव. घरात बसून बसून काय करतं तू?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "चला बाई. मोकळं वाटेल."

"मले घरीच मोकळं वाटते," त्या म्हणाल्या.

"तू नाई येत त मंग आम्हीबी नाई जात," नवरा म्हणाला. लहान भावाचं शेवटचं हत्यार. बाईंनी भाजी बाजूला केली आणि विचारलं, "कितीक वाजता निघाचं?"

हे सगळं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. घरी मोकळं वाटतं, हे साध्या मराठीत सांगितलं होतं. आम्हाला तो संकोच वाटला.

पहिल्या रविवारी आम्ही नेहमीसारखं बाहेरचंच खाल्लं. बाईंनी एक भजं तोडलं, आतली कच्ची कणी दाखवली आणि ठेवून दिलं. "हे काय जेवन हाये? रोडगे तरी करू." नवऱ्याचा चेहरा उजळला. त्यांच्या लहानपणी तुरीची सोंगणी संपली की त्यांची आई शेतात रोडगे लावायची. त्याने ती गोष्ट मला अनेकदा सांगितली होती आणि मी एकदाही रोडगे केले नव्हते. मला येत नाहीत.

पुढच्या रविवारपासून रोडगे सुरू झाले. ओळखीच्या एका माणसाच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक मोठं बेहड्याचं झाड आहे. शेजारून नाला जातो. व्हॅनमध्ये गोवऱ्यांचं पोतं, पिठाचा डबा, वांगी, तुरीची डाळ, तुपाची बरणी आणि बाईंची लोखंडी कढई. बाई सकाळी अंधार असताना उठून गव्हाचं जाडं पीठ तेल-ओवा घालून भिजवायच्या. तिथे पोचल्यावर गोवऱ्या पेटवायच्या. पिठाच्या लहान लहान पाऱ्या तेल लावून एकावर एक ठेवायच्या, त्या मोठ्या पारीत बंद करून गोळा करायचा आणि गोवऱ्यांचा धूर ओसरून निखारे झाले की त्यात पुरायचे. मग सारखं फिरवत राहायचं. एक बाजू विसरली तर कोळसा. तोवर तीन दगडांवर कढईत वांग्याची भाजी, शेजारी वरण. रोडगे निघाले की फडक्यात घेऊन राख झटकायची, फोडायचे आणि तुपात बुडवायचे.

रोडगे फार चांगले व्हायचे. नवरा पहिला रोडगा फोडून आतल्या वाफेवर तोंड धरायचा. पन्नाशीच्या माणसाने असं करू नये, पण तो करायचा.

आम्ही मदत करत नव्हतो असं नाही. नवरा काड्या गोळा करायचा, मी वांगी चिरायची. त्यानंतर बाई म्हणायच्या, "जा, फिरा तुमी. मधात मधात करू नका." आम्ही फिरायला जायचो. परत यायचो तेव्हा ताटं मांडलेली असायची. बाई जेवायला शेवटी बसायच्या, डोळे लाल, पदर राखेने भरलेला. मी त्यांचा फोटो काढायची आणि घरच्या ग्रुपवर टाकायची. मुलगी पुण्याहून लिहायची, "आत्या किती एन्जॉय करतेय." मी तो मेसेज समोरच्या काकूंनाही दाखवला. काकू फोटोकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या होत्या. म्हणाल्या, "धूर लय दिसते."

आता माझी बाजू. मला ते रविवार आवडेनासे झाले होते. व्हॅनमध्ये बाई पुढे बसायच्या, कारण मागे त्यांना मळमळायचं. मी गोवऱ्यांच्या पोत्याजवळ. पुढे भाऊ-बहीण मारेगावच्या आणि माहेरच्या गोष्टी बोलायचे. त्यातली माणसं मला माहीत नाहीत आणि जी आहेत ती मेलेली आहेत. गाणं बंद झालं. बहिणीपुढे तो गात नाही. पळस फुलायला लागला तेव्हा पहिला मलाच दिसला, उजव्या हाताला, एका उतारावर. मी बोलले नाही. चहा मागायचा तर तिघांचा मागावा लागला असता, आणि मग तो आमचा चहा राहिला नसता. एवढ्याशा गोष्टीचा मला राग आला, आणि रागाची लाजही वाटली. ज्या बाईच्या हातचं आपण सहा दिवस खातो, तिला सातव्या दिवशी गाडीत जागा देताना आपल्या पोटात दुखतं. मी स्वतःला सांगायची, बाईंना किती बरं वाटतंय बघ. बाईंना बरं वाटणं ही माझी गरज झाली होती.

रविवारी संध्याकाळी आमच्या विहारात वंदना असते. बाई आल्यापासून नेमाने जायच्या. आता आम्हाला परत यायलाच दिवेलागण व्हायची. एकदा त्या वाटेत म्हणाल्या, "आजबी वंदना चुकली." मी म्हटलं, "बाई, एखाद्या रविवारानं काय होतं?" त्या बरं म्हणाल्या. तो एखादा रविवार नव्हता, हे मलाही माहीत होतं.

पळस भरात असतानाची गोष्ट. रविवारी सकाळीच कापसाच्या एका जिनिंगची मोटार जळाल्याचा फोन आला आणि नवऱ्याला जावं लागलं. पीठ भिजवून तयार होतं. मी बाईंना सांगितलं, "आज जाणं नाही." त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"नक्की?"

"नक्की. ते संध्याकाळपर्यंत येत नाहीत."

"बरं," त्या म्हणाल्या. आणि पुन्हा, "बरं बरं." त्या भिजवलेल्या पिठाच्या त्यांनी भराभर पोळ्या लाटल्या आणि नवऱ्याला डबा बांधून दिला. मला वाटलं, हिरमुसल्या असतील. मग मीही दुकानात गेले. मालाची मोजणी राहिली होती. दुपारी वीज गेली, संगणक बंद पडला, म्हणून लवकर परत आले.

पुढचं दार लोटलेलं होतं. आत कोणी नव्हतं. मागच्या अंगणात जायच्या दाराशी चपला पडल्या होत्या, बायकांच्या, आमच्या घरच्या नव्हेत. आणि कोणीतरी हसत होतं. मोठ्याने, श्वास लागेपर्यंत. ते हसू कोणाचं हे मला लगेच कळलं नाही. दाराच्या फटीतून पाहिलं तेव्हा कळलं की बाई हसताहेत.

अंगणातल्या फरशीवर आमचं एक जुनं पोतं नेहमी अंथरलेलं असतं. ते तिथे का असतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. आज ते गुंडाळून बाजूला ठेवलं होतं आणि त्याखाली फरशीवर चंगाष्टाचा, म्हणजे चौकाबाऱ्यासारख्या खेळाचा पट कोरलेला होता. खिळ्याने, नीट, घरांसकट. बाई, समोरच्या काकू आणि गल्लीतल्या आणखी दोघी भोवती बसल्या होत्या. बाईंनी धुतलेली साडी नेसली होती. केस विंचरून मोकळे सोडले होते. त्यांच्या मुठीत घासलेल्या चिंचोक्यांच्या फोडी खुळखुळत होत्या.

"मेली तुही सोंगटी. जाय घरी," बाई म्हणाल्या.

"बाई, तुमी चिंचोका बोटानं फिरवला. म्या पाह्यलं."

"पाह्यलं त पाह्यलं. तुह्ये डोळे तरी शाबूत हायेत. माह्ये गेले जंगलात."

सगळ्या हसल्या. काकू म्हणाल्या, "काहून, सहलीले नाई गेले आज?"

"देव पावला म्हनावं तर देवबी मानत नाई आपन," बाई म्हणाल्या. "मोटार पावली. कायची सहल, माय. घरी गॅस हाये, ओटा हाये, डोक्यावर पंखा हाये. थे सोडून मानूस दगडावर बसून रांधते, त्याले सहल म्हन्तेत. पह्यले रविवारी थे दोघं जात, त मले सैपाक नोता. सकाळची शिळी भाकर, तिखट अन् तेल. दिवसभर रानी."

"मंग सांगा नं भावाले."

"कसं सांगू? थ्यो रोडगा फोडते तवा त्याचं तोंड पाह्यलं काय तू? लहानपनी होतं तसंच्या तसं होते. मंग माह्याच्यानं नाई म्हनवत नाई."

"अन् थे?" काकूंनी विचारलं. थे म्हणजे मी.

चिंचोके थांबले.

"थे चांगली हाये वं. मले सुख व्हावं म्हनून लय धडपडते बिचारी. मांगं सीताफळं आनत जाय, थे बेस होतं. घरबसल्या भेटे."

"हाव नं. आमालेबी भेटत," दुसरी म्हणाली. "टाक आता. का झोपली?"

मला आजवर कोणी बिचारी म्हटलेलं नाही. मी पाय न वाजवता मागे फिरले, बाहेर आले, गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि परत येताना फाटकाची कडी गरजेपेक्षा जोरात वाजवली. आत आले तेव्हा पोतं जागेवर होतं आणि चौघीजणी सुपात तांदूळ निवडत होत्या. तांदूळ मी आदल्या दिवशीच निवडून ठेवले होते.

"लवकर आली वं," बाई म्हणाल्या.

"लाइन गेली," मी म्हटलं, आणि सगळ्यांसाठी चहा टाकला.

काय करायचं ते मला लगेच कळलं होतं. बाईंना न्यायचं बंद करायचं. एवढं सोपं. पण चहा उकळेपर्यंत लक्षात आलं की हे तर मला कितीतरी रविवारांपासून हवंच होतं. मी काही ऐकलं नसतं, तरी आज ना उद्या हेच केलं असतं आणि त्याला दुसरं नाव दिलं असतं. आता बाईंच्या तोंडून कारण मिळालं होतं, आणि ते मला इतकं सोयीचं होतं की त्याला हात लावायची लाज वाटत होती. त्यात ते वापरताही येणार नव्हतं. मी नवऱ्याला ओळखते. बाईंना रोडग्यांचा कंटाळा आलाय असं कळलं असतं तर त्याने जन्मात पुन्हा रोडगा खाल्ला नसता. त्याआधी तो थेट जाऊन बाईंना विचारणार, बाई साफ नाही म्हणणार, आणि पुढच्या रविवारी दुप्पट पीठ भिजवणार.

तो संध्याकाळी आला. न्हाणीत हाताचं काळं काढत उभा होता तेव्हा मी म्हटलं, "पुढच्या रविवारी आपण दोघंच जाऊ."

"अन् बाई?"

"बाई घरी."

"काहून? काही बोलली काय थे?"

"नाही. मलाच दोघांनी जायचंय."

तो हात धुवायचा थांबला. "जड झाली काय तुले माही बहीण?"

इथे खोटं बोलायची गरजच नव्हती. "रविवारी, हो," मी म्हटलं.

त्याने हात पुसले. बराच वेळ पुसले. मग म्हणाला, "आई असती त तिलेबी असंच म्हनलं असतं तू."

म्हटलंही असतं, कोण जाणे. तो आठवडा आम्ही एकमेकांशी गॅसचं सिलिंडर, दूध आणि दुकानाची किल्ली एवढ्यावरच बोललो. बाईंनी ते पाहिलं. शनिवारी मी त्यांना सांगितलं, "बाई, उद्या आम्ही दोघंच जाऊ म्हणतो."

"काहून?"

"असंच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी नजर उघड्या दारातून अंगणातल्या पोत्याकडे गेली. परत आणली, तोवर बाईंचीही तिकडे जाऊन आली होती.

"बाबू रागावला काय?" भावाला त्या बाबू म्हणतात.

"थोडा."

"होईन बरोबर," त्या म्हणाल्या. रविवारी आम्ही निघालो तेव्हा त्या दारात आल्या. पिशवीत काय आहे ते बघायची आता कोणाला गरज नव्हती, हेल्मेट डोक्यातच होतं. "दिवस बुडाल्याबिगर येजो नोका," बाई म्हणाल्या. "अन् हुळा आनजो. जास्त आनजो."

"किती जास्त?" नवऱ्याने विचारलं.

"जास्त म्हंजे जास्त."

रस्ता तोच होता. पळस इतका फुलला होता की पहिला कोणता हे ठरवण्यात अर्थ नव्हता. नवरा गायला नाही. मी त्याच्या पाठीमागे बसून वारा खात होते आणि मला बरं वाटत होतं, खूप बरं वाटत होतं. तेच टोचत होतं. बाईंना त्यांचा रविवार मिळाला म्हणून बरं वाटतंय की मला माझा मिळाला म्हणून, हे मी शोधून पाहिलं. सापडलं तेव्हा मुद्दाम पळसाकडे बघत बसले.

बेहड्याच्या झाडाखाली आमच्या चुलीचे तीन दगड तसेच होते. शेतमालकाने हंगामातला शेवटचा हुळा भाजला. नवऱ्याने घाटे सोलले, थोडे माझ्या हातावर ठेवले. सवयीने ठेवले असतील. थोडं खाऊन म्हणाला, "यासंग बाईचे रोडगे पायजे होते."

"हो," मी म्हटलं. खरंच पाहिजे होते. बाईंनी करावेत असं नव्हतं वाटत, पण खायला पाहिजे होते.

निघताना मी हरभऱ्याचा मोठा भारा मागितला. नवरा म्हणाला, "एवढा कायले? बाई एकटी कितीक खाईन?"

"खातील."

भारा गाडीला बांधताना त्याने दोरी दोनदा तपासली. त्याला वाटलं असणार, मी भरपाई करते आहे. करतच होते.

लोहाऱ्याला पोचलो तेव्हा अजून ऊन होतं. पाण्याच्या टाकीजवळ मी म्हटलं, "थांबा. चहा घेऊ."

"घर समोर दिसून राह्यलं अन् इथं चहा?"

"घेऊ ना."

टपरीवर उभ्या उभ्या चहा घेतला. मी उगाच हळू पीत होते. ऊन उतरलं. मग आमच्या गल्लीतून पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका बाहेर पडल्या आणि विहाराकडे निघाल्या. मधोमध बाई होत्या. काकूंच्या खांद्यावर हात टाकून काहीतरी सांगत होत्या, आणि सगळ्या थांबून थांबून हसत होत्या.

"थे बाई नाई काय?" नवरा म्हणाला.

"बाईच."

"कोनासंग एवढी हासून राह्यली?"

"मैत्रिणी आहेत त्यांच्या."

तो त्यांच्याकडे बघत राहिला, त्या विहाराच्या वळणावर दिसेनाशा होईपर्यंत. हातातला ग्लास तसाच होता. "मले माहीतच नोतं," तो म्हणाला.

मलाही नव्हतं, असं मी म्हणणार होते. म्हटलं नाही. आईबद्दल तो जे बोलला होता ते त्याने परत घेतलं नाही, आणि मी मागितलंही नाही. दिवस पुरता बुडाला तेव्हा आम्ही भारा घेऊन रिकाम्या घरी आलो. अंगणातलं पोतं आज अंथरायचं राहून गेलं होतं. नवरा हात धुवायला वळायच्या आत मी ते उचलून पटावर टाकलं आणि त्यावर हरभऱ्याचा भारा ठेवला.